चौदा जण ‘फोडशी’ म्हणाले, एक जण ‘खणून पाहा’ म्हणाला: कोणाचे मानावे?

बदलापूरकर | १४ जून, रात्री ९.४०

नमस्कार. गेले तीन दिवस एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

आमच्या इमारतीमागे अजून बांधकाम न झालेला माळ आहे. पहिल्या दोन सरींनंतर तिथे गवतासारख्या लांब, हिरव्यागार पानांचे झुपके उगवले. लहानपणी मुरबाडला आजीच्या हातची फोडशीची भाजी अनेकदा खाल्ली आहे, त्यामुळे पाने पाहताच तीच असावी असे वाटले. पण आजीने खुडून आणलेली भाजी ओळखणे वेगळे आणि जमिनीत उभे असलेले रोप ओळखणे वेगळे. खात्री करून घ्यावी म्हणून रानभाज्यांच्या एका मोठ्या गटात मी छायाचित्र टाकले. दोन तासांत सतरा प्रतिसाद आले. चौदा जणांनी ‘फोडशी’ लिहिले, दोघांनी ‘कुलू’ लिहिले, आणि ज्यांचे नाव मी त्या गटात पूर्वी कधी वाचले नव्हते अशा एका सदस्याने लिहिले की केवळ पानांवरून हे सांगता येणार नाही, रानकांद्याची कोवळी पानेही याच दिवसांत वर येतात, तेव्हा एक झुपका मुळासकट खणून पाहा आणि तोवर खाऊ नका. त्या प्रतिसादाखाली तीन हसरे चेहरे उमटले आणि गटातल्या एका जुन्या सदस्याने ‘लोकांना उगाच घाबरवू नका’ असे सुनावले.

मी भाजी केली नाही. पण ज्याला वनस्पतिशास्त्राचा गंध नाही अशा माझ्यासारख्या माणसाने अशा वेळी निर्णय कशावर करावा? संख्येवर करावा, सदस्याच्या जुनेपणावर करावा, की उत्तराच्या लांबीवर? हा प्रश्न भाजीपुरता नाही, औषधांपासून प्रवासापर्यंत आपण रोज अनोळखी लोकांनी लिहिलेल्या माहितीवर विसंबतो. आपापले अनुभव लिहावेत ही विनंती.

मोहर_सावंतवाडी | १४ जून, रात्री १०.५५

मी एकतीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘फोडशी’ आणि ‘कुलू’ ही एकाच भाजीची दोन नावे आहेत, तेव्हा तुमच्याकडे चौदा, दोन आणि एक अशी विभागणी नसून सोळा आणि एक अशी आहे. आता त्या सोळा जणांकडे नेमके काय होते ते पाहा. सोळाही जणांनी एकच छायाचित्र पाहिले, रोप कोणीच पाहिले नाही, आणि पहिल्या उत्तरानंतर आलेल्या प्रत्येकाने आधीची उत्तरे वाचूनच आपले उत्तर लिहिले. साक्षीदार सोळा दिसतात, पण साक्ष एकच आहे, आणि तीही अर्धवट पुराव्यावरची.

फोडशी ही क्लोरोफायटम या प्रजातीतली वनस्पती. याच प्रजातीतल्या एका जातीला मुंबईच्या बोरिवलीवरून ‘बोरिविलिॲनम’ हे नाव मिळाले आहे आणि तिलाच बाजारात सफेद मुसळी म्हणतात. या प्रजातीच्या रोपांना जमिनीखाली मांसल मुळांचा जुडगा असतो. रानकांदा म्हणजे ड्रिमिया इंडिका. त्याला स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखा, पापुद्र्यांचा कांदा असतो आणि त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. पूर्ण वाढलेल्या रोपांत सरावलेल्या डोळ्याला पानांवरूनही फरक कळतो, पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या कोवळ्या पानांच्या छायाचित्रावरून मी स्वतः पैज लावणार नाही. निर्णायक खूण जमिनीखाली आहे आणि तुमच्या छायाचित्रात जमिनीखालचे काहीच नाही. जे छायाचित्रात नाही ते हजार लोकांना विचारले तरी दिसणार नाही.

त्या एका सदस्याने तुम्हाला वनस्पतीचे नाव दिले नाही, पण ते नाव कसे ठरते हे सांगितले. माझ्या मते त्या सतरा प्रतिसादांपैकी तेवढ्या एकाच प्रतिसादात माहिती होती.

जांभूळ | १४ जून, रात्री ११.१२

मीही त्या गटात आहे. पहिले उत्तर गटाच्या व्यवस्थापकांचे होते आणि ते छायाचित्र टाकल्यावर मिनिटभरात आले होते.

वसईची_सुगरण | १५ जून, सकाळी ७.३०

सरांचे म्हणणे पटते, तरी मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. कारणे देणाऱ्यावर विश्वास ठेवा, हा नियम ऐकायला चांगला आहे, पण कारणे देण्याची हातोटी आणि वस्तूचे ज्ञान या दोन गोष्टी एकाच माणसात असतातच असे नाही. आमच्याकडे बाजाराच्या कोपऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळे विकायला बसणाऱ्या एक मावशी आहेत. त्या कधीही कारण सांगत नाहीत. शेवळाची जुडी हातात देतात, तिच्यासोबत चार काकडाची फळे टाकतात आणि ‘याच्याशिवाय शिजवू नको’ एवढेच म्हणतात.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी त्या फळांकडे दुर्लक्ष केले, कारण मी जी पाककृती वाचली होती तिच्यात काकड नव्हताच. पाककृती अतिशय नीट लिहिलेली होती, प्रमाणे होती, पायऱ्यापायऱ्यांची छायाचित्रे होती, खाली ‘अप्रतिम’, ‘तोंडाला पाणी सुटले’ असे शंभरावर प्रतिसाद होते. भाजी झाली आणि आम्हा चौघांचे घसे संध्याकाळपर्यंत खाजत राहिले. शेवळात सुईसारखे टोकदार स्फटिक असतात आणि काकडाच्या किंवा चिंचेच्या आंबटपणाने ती खाज मोडते, हे मला नंतर कळले. मग मी आणखी आठ-दहा ठिकाणच्या पाककृती शोधल्या. त्यांतल्या पाच पाककृतींमध्ये तीच वाक्ये, तोच क्रम आणि तीच उणीव होती. कोणीतरी एकीने काकड लिहायचे विसरले आणि बाकीच्यांनी भाजी न करताच ती पाककृती उतरवून घेतली, असाच याचा अर्थ होतो.

तेव्हापासून मी प्रतिसाद वाचताना एकच गोष्ट शोधते, आणि ती म्हणजे करून पाहिल्याची खूण. ‘मीठ थोडे जास्त झाले’, ‘माझ्याकडे काकड नव्हता म्हणून चिंच घातली’ असे लिहिणाऱ्या बाईने चूल पेटवलेली असते. ‘अप्रतिम’ लिहिणारीने बहुधा छायाचित्र पाहिलेले असते.

मोहर_सावंतवाडी | १५ जून, सकाळी ८.०५

ताई, तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा मोठा आहे आणि मी तो मान्य करतो. फक्त एक भर घालतो. त्या मावशी पुढच्या आठवड्यात त्याच कोपऱ्यावर बसणार असतात. चुकीची जुडी दिली तर गिऱ्हाईक परत येऊन जाब विचारणार, हे त्यांना ठाऊक असते. आपल्या गटात उत्तर देणाऱ्याला तुमच्या घरी काय झाले हे कधीच कळत नाही, आणि म्हणून त्याची चूक त्याला कधीच शिकवत नाही.

माळरान_पुणे | १५ जून, सकाळी ११.२०

मी पक्षिनिरीक्षक आहे आणि या प्रश्नावर पक्षिनिरीक्षकांनी बराच विचार केलेला आहे, म्हणून ती पद्धत सांगतो.

ई-बर्ड हे संकेतस्थळ २००२ साली अमेरिकेत सुरू झाले आणि आज भारतातले हजारो हौशी लोक त्यावर नोंदी करतात. नोंद कोणीही करू शकतो. पण प्रत्येक प्रदेशासाठी आणि प्रत्येक महिन्यासाठी तिथल्या जाणकार स्वयंसेवकांनी एक चाळणी ठरवून ठेवलेली असते: या भागात, या महिन्यात, हा पक्षी साधारण किती संख्येने दिसू शकतो. तुमची नोंद त्या चाळणीबाहेर गेली की लगेच तुमच्याकडे तपशील मागितला जातो आणि ती परीक्षकाकडे जाते. परीक्षक समाधानी होईपर्यंत ती तुमच्या वैयक्तिक यादीत राहते, सार्वजनिक नकाशावर येत नाही.

काही हिवाळ्यांपूर्वी सासवडच्या बाजूच्या माळावर मी भोवत्या या शिकारी पक्ष्याची एक मादी पाहिली आणि तिची नोंद ‘पॅलिड’ या जातीची म्हणून केली. दोन दिवसांनी परीक्षकाचा निरोप आला. तो अतिशय नम्र होता. ‘मॉन्टेग्यू या दुसऱ्या जातीची मादी नाही हे आपण कशावरून ठरवले, मानेभोवतीचा फिकट पट्टा दिसला होता का’, एवढेच त्यात विचारले होते. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिले आणि लक्षात आले की मान मी पाहिलीच नव्हती. सोबतच्या मित्राने ‘पॅलिड’ म्हटले आणि मला ती पॅलिड दिसू लागली. मी नोंद बदलून फक्त ‘भोवत्या, जाती अनिश्चित’ अशी केली. त्या दिवसापासून ‘अनिश्चित’ हा शब्द लिहिण्याचा संकोच माझ्या मनातून गेला, आणि इतरांच्या याद्या वाचताना ज्यांच्या यादीत अधूनमधून ‘अनिश्चित’ दिसते त्यांच्या बाकीच्या नोंदींवर माझा अधिक विश्वास बसू लागला.

बदलापूरकर, तुमच्या गटात असा प्रश्न विचारणारे कोणी नाही. ज्या एकाने विचारला त्याला हसण्यावारी नेले गेले.

पानगळ | १५ जून, दुपारी १.०५

माळरान यांनी पक्ष्यांचे सांगितले, मी वनस्पतींचे सांगते. २००८ साली सुरू झालेले आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ मी सात वर्षे वापरते आहे. तिथे छायाचित्र, तारीख आणि ठिकाण असलेल्या रानटी रोपाच्या नोंदीवर ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचे जातीपर्यंत एकमत झाले की तिला ‘संशोधनयोग्य’ असा दर्जा मिळतो. ऐकायला कडक वाटते, पण त्यासाठी दोन माणसे पुरतात. छायाचित्र चढवले की यंत्र स्वतः एक नाव सुचवते. नोंद करणारा तेच निवडतो. दुसरा कोणी येऊन ‘सहमत’ वर बोट ठेवतो. कागदावर दोन माणसांचे एकमत झाले, प्रत्यक्षात मात्र यंत्राने एकदा अंदाज केला एवढेच घडले. सरांनी ज्याला एकच साक्ष म्हटले ते हेच.

याचा अर्थ ते संकेतस्थळ टाकाऊ आहे असा नाही. तिथे कोण कोणत्या वनस्पतिगटात किती ओळखी पटवतो हे दिसते, आणि मतभेद झाला तर तो पुसला न जाता नोंदीखाली राहतो. मी नेहमी दर्जाचा हिरवा शिक्का सोडून खालचा मतभेद आधी वाचते.

नोंदवही | १५ जून, दुपारी ४.४५

मी मराठी विकिपीडियावर अनेक वर्षे लिहितो. तो १ मे २००३ रोजी सुरू झाला, तेव्हापासून ‘कोणीही बदलू शकतो म्हणजे कशावरही विश्वास ठेवू नये’ हे वाक्य ऐकत आलो आहे. पण लेखाच्या वर ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ अशी दोन पाने जोडलेली असतात, ती किती जण उघडतात? इतिहासात प्रत्येक बदलाची तारीख आणि करणारा दिसतो. चर्चेत कोणत्या वाक्यावर वाद झाला ते दिसते. छापील पुस्तकात हा वाद संपादकाच्या टेबलावर संपतो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याचबरोबर आमच्या घरातला दोषही मला सांगितला पाहिजे. २००८ साली अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या इंग्रजी लेखात ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असे एक टोपणनाव स्वतःच्या मनाने घालून ठेवले. ते कोणी काढले नाही. पुढे वर्तमानपत्रांनी ते तिथून उचलले, आणि काही वर्षांनी त्याच लेखात त्या टोपणनावाला आधार म्हणून एका वर्तमानपत्राचाच संदर्भ जोडला गेला. वर्तुळ पूर्ण झाले. त्यामुळे नुसता संदर्भ आहे म्हणून समाधान मानू नये, संदर्भाची तारीख लेखातल्या त्या वाक्याच्या आधीची आहे की नंतरची, हे इतिहासात जाऊन पाहावे. वसईच्या ताईंनी पाककृतींच्या बाबतीत नेमके हेच केले.

रोखठोक_नागपूर | १५ जून, सायंकाळी ६.३०

सर्वांचे वाचले आणि मी असहमत आहे. तुम्ही मंडळी सामान्य वाचकाकडून न्यायाधीशाची अपेक्षा करत आहात. इतिहास उघडा, चर्चा वाचा, संदर्भाची तारीख तपासा, परीक्षकाला उत्तर द्या, हे सगळे करायला माणसाला वेळ कुठे आहे? अनोळखी लोकांनी मिळून लिहिलेली माहिती बहुतेक वेळा पुरेशी बरोबर असते, हा माझा अनुभव आहे आणि त्याला आधारही आहे. ‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ साली विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियाच्या नोंदीत सरासरी चार आणि ब्रिटानिकाच्या नोंदीत सरासरी तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तपासणीच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतले हे मला माहीत आहे, ‘नेचर’ने ते फेटाळले हेही माहीत आहे. पण पगारी विद्वानांच्या कोशातही चुका असतात, एवढे तर त्यावरून ठरलेच.

सोळा जणांनी फोडशी म्हटले आहे, तर ती फोडशी असण्याचीच शक्यता जास्त आहे. शंका काढत बसलो तर शेवटी कोणीच कोणाला काही विचारणार नाही आणि आजीकडचे ज्ञान आजीसोबतच संपेल.

नोंदवही | १५ जून, सायंकाळी ७.१०

शेवटचे वाक्य मलाही लागले. पण ‘नेचर’ने तपासलेल्या त्या नोंदी वर्षानुवर्षे अनेकांच्या नजरेखालून गेलेल्या, पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेल्या होत्या. दोन तासांत आलेले सतरा प्रतिसाद आणि अनेक वर्षे सुधारत गेलेला लेख यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

चिपळूणचा_डॉक्टर | १५ जून, रात्री १०.२०

रोखठोक यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. संख्या काहीच सांगत नाही असे नाही. नाटकाची वेळ किंवा एखाद्या घाटातला रस्ता सुरू आहे का, हे विचारायचे असेल तर सोळा जणांचे उत्तर मी डोळे मिटून घेईन, कारण चुकले तर एखादा तास वाया जाईल. इथे मात्र सोळा जण चुकले तर रुग्णालय गाठावे लागेल आणि तो एक जण चुकला तर एका दिवसाची भाजी बुडेल. माहितीची विश्वासार्हता जोखताना माझ्या व्यवसायात आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो की हे चुकीचे निघाले तर किंमत कोण आणि किती मोजणार.

आणखी एका वाक्याबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे. ‘मी कितीतरी वेळा खाल्ले, मला काही झाले नाही.’ रानभाज्यांच्या, काढ्यांच्या, रसांच्या प्रत्येक चर्चेत हे वाक्य येते आणि ते लिहिणारा खोटे बोलत नसतो. पण ज्यांना काही झाले ते त्या चर्चेत लिहायला येत नाहीत. ते आमच्याकडे येतात. दुधी भोपळ्याचा रस हे याचे जवळचे उदाहरण आहे. रोज रस पिऊन ठणठणीत असलेल्या लोकांचे शेकडो अनुभव वाचायला मिळतात आणि ते खरे असतात. मात्र एखादा दुधी कडू निघतो, त्या कडूपणामागे क्युकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात आणि तो रस पिऊन लोक दगावलेले आहेत. कडू लागला तर तो रस पिऊ नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितले आहे. शंभर जणांच्या खऱ्या अनुभवांतून तयार झालेली समजूतही अशी धोकादायक असू शकते, कारण त्या शंभरांना कडू दुधी मिळालेलाच नव्हता.

अनामिक_वाचक | १५ जून, रात्री १०.४१

डॉक्टरसाहेब, हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती रोज सकाळी दुधीचा रस घेते. उद्यापासून आधी फोड चाखून पाहणार आहे.

साक्रीहून | १६ जून, सकाळी ६.५०

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला आहे. भाजीच्या चर्चेत हे लिहावे की नाही याचा रात्रभर विचार केला, पण ‘संख्या’ हा शब्द वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवले नाही.

आमच्या तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे मंगळवेढ्याकडची होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्याआधी कित्येक दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. माझ्याही फिरले. एकच निरोप मला सहा वेगवेगळ्या लोकांकडून आला होता, आणि सहा जण सांगत आहेत म्हणजे काहीतरी असणारच, असे मला वाटले होते. सहाही जणांकडे तो कुठून आला हे मी विचारले नाही. आज विचारतो, पण तेव्हा विचारले नाही.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी केलेली होती. दुचाकीवरून आलेली माणसे मूल उचलून नेतात आणि मग लगेच ते परत आणून सोडतात, असे तिच्यात होते. मूल परत सोडल्याचा आणि संदेशाचा शेवटचा भाग कापून ती पुढे पाठवली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती मर्यादा आली तेव्हा राईनपाड्याची पाच माणसे गेलेली होती.

बदलापूरकरांच्या छायाचित्रात मुळे नव्हती. त्या चित्रफितीत शेवट नव्हता. मोहर सरांचे ते वाक्य वाचले तेव्हा मला हेच आठवले.

वसईची_सुगरण | १६ जून, सकाळी ८.१५

दादा, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत.

रोखठोक_नागपूर | १६ जून, सकाळी ९.००

साक्रीहून यांचा प्रतिसाद वाचून मी काल लिहिलेल्या एका वाक्याविषयी पुन्हा विचार केला. ‘सोळा जण म्हणतात तर शक्यता जास्त’ हे तेव्हाच खरे, जेव्हा ते सोळा जण एकमेकांपासून स्वतंत्र असतील. हा भाग मी गृहीत धरला होता. आजीच्या ज्ञानाविषयीचे म्हणणे मात्र मी मागे घेत नाही.

एडिसनची_मावशी | १६ जून, सायंकाळी ७.३५

न्यू जर्सीहून लिहिते आहे. इथे उन्हाळ्यात अंगणाच्या फरशांच्या फटींतून घोळ उगवते आणि आम्ही चारपाच मराठी घरे तिची भाजी करतो. तिच्या शेजारीच जमिनीसरपट पसरणारी, घोळीसारखी दिसणारी पण विषारी ‘दुधी’ नावाची रानवनस्पती (दुधी भोपळा नव्हे) उगवते. नवीन आलेल्या मुली मला छायाचित्रे पाठवून ‘मावशी, ही घोळच ना?’ असे विचारतात. पूर्वी मी हो किंवा नाही असे कळवत असे. आता कळवत नाही. देठ मोडून पाहा, पांढरा चीक आला तर फेकून दे, असे लिहिते. घोळीला चीक नसतो.

नाव सांगितले तर मुलीला पुढच्या वेळीही मलाच विचारावे लागते आणि माझे चुकले तर तिचेही चुकते. देठ मोडायला सांगितले तर माझ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही. त्या गटातल्या एका सदस्याने ‘खणून पाहा’ म्हटले, ते मला म्हणूनच फार आवडले. रोखठोक, आजीचे ज्ञान टिकवायचे तर तिने ओळख कशी पटवली ते टिकवले पाहिजे, असे मला वाटते.

वऱ्हाडचा_शेतकरी | १७ जून, दुपारी १२.१०

सफेद मुसळीचे नाव वर निघाले म्हणून माझा अनुभव लिहितो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीकडून मुसळीचे बेणे घेतले. पीक आम्हीच परत विकत घेऊ, अशी तिची हमी होती. कंपनीच्या पानावर शेतकऱ्यांचे दीडशे-दोनशे अभिप्राय होते. एकराला किती उत्पन्न आले त्याचे आकडे होते. मी ते अभिप्राय रात्र रात्र वाचले. एकाही अभिप्रायात पाऊस जास्त झाला, मुळे सडली, मजूर मिळाले नाहीत, असे काही नव्हते. मी स्वतः शेतकरी असून हे माझ्या लक्षात आले नाही, कारण मला ते खरे असायला हवे होते. पीक निघाले तेव्हा कंपनीचा फोन बंद होता.

भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले आणि अभिप्राय देणाऱ्याची ओळख पडताळावी असे त्यात सांगितले, पण ते ऐच्छिक ठेवले. म्हणून मी आता अभिप्राय वाचताना वसईच्या ताईंप्रमाणेच करतो, त्यात माती शोधतो.

पानगळ | १७ जून, दुपारी १२.५५

नावांविषयी एक मुद्दा राहिला आहे. सरांनी एका भाजीची दोन नावे सांगितली, पण उलटाही प्रकार असतो. ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी बाकोपा मोनिएरी सांगतो, कोणी सेंटेला आशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही बाजारात त्याच नावाने विकल्या जातात. शंखपुष्पीचेही तसेच आहे. दोन जण एकमेकांशी भांडत असतील तेव्हा ते एकाच झाडाविषयी बोलत आहेत का, हे आधी विचारावे, आणि दोघांचे एकमत झाले असेल तेव्हाही विचारावे.

बदलापूरकर | २१ जून, रात्री ८.१५

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी खुरपे घेऊन माळावर गेलो. माझ्यासोबत आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या ठाकरवाडीच्या एक काकू होत्या. वसईच्या ताईंचा प्रतिसाद वाचून मीच त्यांना विनंती केली होती. मी खणायला वाकण्याआधीच त्यांनी दोन झुपक्यांकडे बोट दाखवून ‘हे घे’ आणि उताराकडच्या तिसऱ्याकडे दाखवून ‘ह्याला हात लावू नको’ असे सांगितले. कशावरून, असे विचारले तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘दिसतंय की.’

मी तिन्ही खणले. पहिल्या दोघांना खाली जाड, पांढरट मुळांचा जुडगा होता. तिसऱ्याला कांदा होता.

छायाचित्रात मी टाकला होता तो पहिला झुपका. म्हणजे गटातल्या सोळा जणांचे उत्तर बरोबर होते.

रोखठोक_नागपूर | २१ जून, रात्री ८.३०

म्हणजे संख्येने बरोबर सांगितले, याची नोंद व्हावी.

माळरान_पुणे | २१ जून, रात्री ९.०५

नोंद जरूर व्हावी. त्यासोबत हीही व्हावी की सोळा जणांचे ऐकून बदलापूरकर पिशवी घेऊन गेले असते तर त्यांनी माळावरचे तिन्ही झुपके खुडले असते. उत्तर छायाचित्राविषयी बरोबर होते. भाजी माळावरची होणार होती.

मोहर_सावंतवाडी | २१ जून, रात्री ९.४०

काकूंना पानांवरूनच फरक दिसला, जो मला दिसला नसता. त्यांना तो कशात दिसतो हे शब्दांत सांगता येत नसेल, तर तिन्ही झुपक्यांची पाने शेजारी शेजारी ठेवून तुम्ही त्यांच्यासोबत बसा आणि पानाची जाडी, मधली शीर, तुकतुकी, बुडाचा रंग असे एकेक विचारत जा. मला त्यांचे उत्तर वाचायला फार आवडेल. आणि पहिल्या दोनपैकी एक झुपका परत लावा. रानकांदा पाने येण्यापूर्वी, उन्हाळ्यातच फुलून जातो. फोडशीला पानांसोबतच पावसात पांढरी फुले येतात. फूल आले की उरलेली शंकाही जाईल.

बदलापूरकर | २२ जून, सकाळी ७.२०

सर, एक झुपका कालच कुंडीत लावला. काकू बुधवारी येतील तेव्हा पाने घेऊन बसणार आहे. त्या गटातल्या माझ्या जुन्या प्रश्नाखाली तिन्ही मुळांची छायाचित्रे, तारीख आणि जागेचे वर्णन आज पहाटे टाकले, आणि ज्या सदस्याने खणायला सांगितले होते त्यांचे नाव घेऊन आभार मानले. त्यांचे उत्तर आत्ताच आले. त्यांनी विचारले आहे: ‘तिसऱ्याचा कांदा उभा चिरून पापुद्रे पाहिलेत का? हातमोजे घालून चिरा आणि छायाचित्र टाका.’

हातमोजे आणायला निघालो आहे.